साउथॅम्प्टनच्या बोट शोमध्ये, एका दोरासाठी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथॅम्प्टनला दर सप्टेंबरमध्ये मोठा बोट शो भरतो. १९६९ पासून चालत आलेल्या या प्रदर्शनासाठी मेफ्लॉवर पार्क या नदीकाठच्या बागेत तंबू पडतात आणि तरंगते धक्के एकमेकांना जोडून पाण्यात एक तात्पुरते बंदरच उभे राहते. मी मात्र तिथे गेले ती एका दोरासाठी.

माझी होडी वेफेअरर जातीची आहे. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली ही होडी ४.८२ मीटर लांबीची आणि पूर्ण उघडी असते. तिच्यात ना केबिन, ना झोपायची जागा. अशाच होडीतून फ्रँक डाय यांनी एका सोबत्यासह १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलँड गाठले आणि पुढच्या वर्षी नॉर्वेकडे जाताना वादळात चार वेळा उलटूनही ते सुखरूप पोहोचले. मी काठाकाठानेच फिरते, पण होडी तीच असल्यामुळे तिच्या प्रत्येक दोराकडे आदराने पाहायची सवय मला लागली आहे.

गेल्या उन्हाळ्यात वारा जरा वाढला की होडी वेग घेण्याऐवजी नुसतीच कलू लागे. बरेच दिवस मी शिडाला दोष देत होते. खरे कारण होते शीड वर चढवायचा दोर, म्हणजे हॅलियार्ड. साधा पॉलिएस्टरचा दोर जुना झाला होता आणि जोर आला की ताणला जात होता. दोर ताणला की शिडाची पुढची कड सैल पडते, शिडाचा फुगवटा मागे सरकतो, आणि जो वारा होडीला पुढे न्यायचा तो तिला आडवी ढकलू लागतो.

धक्क्यांवरच्या मोठ्या यॉटवर चढायला बूट काढून रांगेत उभे राहावे लागते. दोन यॉट पाहिल्या, सुंदर होत्या, आणि मी तंबूंकडे वळले. लहान होडीवाल्याचा खरा शो तिथे असतो: कप्प्या, शॅकल म्हणजे जोडणीच्या धातूच्या कड्या, दोरांची रिळे, आणि त्यांच्यामागे उभी असलेली, आयुष्यभर हेच काम केलेली माणसे.

दोरांच्या एका स्टॉलवर एक वयस्क कारागीर डायनिमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर गुंफून दाखवत होते. हा दोर जवळजवळ ताणला जात नाही आणि पाण्यावर तरंगतो. पण तो इतका गुळगुळीत असतो की साधी गाठ त्यावर सरकते. म्हणून टोकाला गाठ न मारता दोराचे शेपूट त्याच्याच पोकळ पोटात घालायचे असते. माझ्या ५ मिलिमीटरच्या दोरासाठी त्यांनी व्यासाच्या ७२ पट, म्हणजे ३६ सेंटिमीटर शेपूट मोजले, त्याच्या पिळांतले काही धागे टप्प्याटप्प्याने कापून ते निमुळते केले आणि लांब सुईने आत ओढून घेतले. शेपूट निमुळते केले नाही, तर ते आत जिथे संपते तिथे दोराची जाडी एकदम बदलते आणि तिथेच तो कमजोर होतो. मग त्यांनी दोर माझ्या हातात देऊन ओढायला सांगितले. जितका जोर लावावा तितके बाहेरचे विणकाम आतल्या शेपटाला घट्ट आवळत होते, हे बोटांना स्पष्ट जाणवत होते. दोर सैल असताना शेपूट निसटू नये म्हणून शेवटी चार टाके घालायचे, हेही त्यांनी बजावून सांगितले. दुसरा दोर त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला आणि पहिल्या खेपेचा उसवायला लावला, कारण माझे कापलेले धागे एकाच जागी संपत होते.

निघण्यापूर्वी मी लाइफजॅकेट तपासून घेतले. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटमधली वायूची नळी, म्हणजे छोटा सिलिंडर, वापराने हळूहळू सैल होऊ शकते, आणि सैल नळीचे जॅकेट वेळेला फुगेलच याचा भरवसा नसतो. माझी नळी अर्धा फेरा सैल निघाली. जॅकेट मी पूर्ण हंगाम घातले होते.

पुढच्या रविवारी नवा दोर चढवला, कड ताणून घेतली आणि चांगल्या वाऱ्यात दोन तास होडी चालवली. परतल्यावर दोर बांधलेल्या जागी काळ्या शाईने केलेली खूण पाहिली. ती होती तिथेच होती.