भाटघरचा गाळ, थार आणि काकूंचं खोरं

ऑफरोडिंग म्हणजे पाण्यातून जोरात गाडी घालून फवारे उडवायचे असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा मे महिन्यात वेळवंड खोऱ्यात यावं आणि गाळात पोटावर बसलेली गाडी बाहेर काढायला हातभार लावावा. मी हे रागाने लिहितोय, आणि राग का आला ते सांगतोच.

पुण्याहून शनिवारी पहाटे निघालो, कापूरहोळला मिसळ, तिथून भोर रस्ता. पाच गाड्या: माझी जिप्सी, एक जिम्नी, दोन थार आणि शेवटी अण्णांची गुरखा. अण्णा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, भोसरीला गॅरेज आहे, महिंद्राच्या जुन्या एमएम 540 जीपच्या जमान्यापासून हेच करतायत. दुपारभर एका ओळखीच्यांच्या खाजगी माळावर मुरमाचे चढउतार केले, परवानगी अण्णांनी आधीच काढलेली. मजा आली, पण ते सगळं तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत बघायला मिळेल, म्हणून सोडून देतो.

मुक्काम भाटघर धरणाच्या काठी होता. भाटघर म्हणजे ब्रिटिशांनी 1920 च्या दशकात वेळवंडी नदीवर बांधलेलं जुनं लॉइड धरण. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि आसपासचे शेतकरी त्यात गाळपेर करतात, कुठे काकडी, कुठे चाऱ्याची मका. त्या पट्ट्यावर गाडी घालायची नाही हा अण्णांचा नियम आहे. आमची तंबूची जागा वरच्या मुरमाड उंचवट्यावर होती, फक्त तिथे जायला ट्रॅक्टरची एक वाट सुकलेल्या ओहोळातून जाते. मी गेलो, माझ्यामागे जिम्नी गेली, काही झालं नाही. तिसऱ्या नंबरला एक थार गेली आणि मधोमध खाली बसली.

कारण अगदी साधं आहे. वरचा थर उन्हाने भाजून टणक होतो, भेगासुद्धा पडतात, पण खाली हातभर मऊ लोणी असतं. जिप्सीचं वजन टनाच्या आसपास, तिला तो पापुद्रा पेलतो. थार पावणेदोन टनाच्या घरात, आणि आमच्या दोन गाड्यांनी थर आधीच कच्चा करून ठेवलेला. थार चालवणाऱ्या पोराने लगेच एक्सलेटर सोडला हे फार चांगलं केलं, नाहीतर फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून नुसती चाकं फिरवत बसलं की गाडी स्वतःची कबर स्वतःच खणते. तरी चेसिस टेकलीच होती.

आम्ही खोरी, फावडी काढतोय तोवर वरून अनोळखी लोकांच्या दोन गाड्या आल्या. गाणी जोरात. त्यातला एकजण उतरला आणि म्हणाला, "एवढा वेळ काय घालवताय, माझ्या बॉलला पट्टा अडकवा, एक झटका देतो, लगेच बाहेर." बॉल म्हणजे मागे ट्रेलर ओढायला लावतात तो लोखंडी गोळा. अण्णा शांतपणे नाही म्हणाले. तो परत म्हणाला. अण्णा परत नाही म्हणाले. तेवढ्यात त्याच्या मित्राने पट्टा आणून स्वतःच बांधायला सुरुवात केली, आणि गावातली चार-पाच पोरं अगदी त्या पट्ट्याच्या रेषेत मोबाईल घेऊन उभी! तेव्हा मात्र अण्णांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "सोड तो पट्टा. पोरं उभी आहेत समोर."

हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे म्हणून लिहितो. तो बॉल ट्रेलर सरळ, सावकाश ओढायला असतो, झटक्यासाठी नसतो. गाळात रुतलेली गाडी वजनाच्या कितीतरी जास्त जोर मागते, त्यात पट्टा ताणला जाऊन बॉल तुटला तर तो तोफगोळ्यासारखा सुटतो आणि काच फोडून आत जातो. जगभर माणसं मेलीत अशाने. दोर बांधायचा तो चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच, आणि बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब राहायचं. त्या माणसाला हे सांगितलं तर म्हणे आम्ही नेहमी असंच करतो. मग गाणी लावून निघून गेले. माझा संताप झाला आणि अजूनही गेलेला नाही.

पोरांना अण्णांनी लांबच्या बाभळीखाली बसवलं, आम्ही खणायला लागलो, पण चाकामागची माती काढली की परत गाळ भरून यायचा. थारवाल्या पोराची आई बरोबर होती, इतका वेळ खुर्चीवर बसून बघत होत्या. काकू मूळच्या मावळातल्या, भातशेतीच्या घरातल्या. उठल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली, मुलाच्या हातातलं खोरं घेतलं आणि म्हणाल्या, "अरे बाळांनो, माती कसली काढताय, आधी पाण्याला वाट करून द्या. पाणी आहे तोवर चिखल सोडायचा नाही." आणि खाचराचं पाणी सोडतात तशी उताराच्या अंगाने वीतभर रुंद चर पाडत गेल्या. गाडीखालून चहाच्या रंगाचं पाणी त्या चरातून हळूहळू वाहायला लागलं. अण्णा नुसते बघत होते. मग मला म्हणाले, "बघ, हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

पाणी गेल्यावर गाळ खरंच कापता यायला लागला, चारही चाकांसमोर उतार केला, खाली चाकांना पकड देणाऱ्या फळ्या, म्हणजे ट्रॅक्शन बोर्ड, सरकवले, टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत कमी केली. गुरखा पलीकडच्या पक्क्या मुरमावर उभी केली, कायनेटिक (रबरासारखा ताणला जाणारा) दोर अपुरा पडत होता म्हणून त्याला पट्टा जोडला, पण जोडाला मध्ये लोखंडी शॅकल (जोडायची कडी) घातला नाही, सुटलाच तर तोच गोळी होतो. दोर सुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर घोंगडी टाकली. अण्णांनी गुरखा हळूच पुढे घेतली, दोर ताणला, क्षणभर काहीच झालं नाही आणि मग चिखलाने लांबलचक 'चप्प' असा आवाज करून थार सोडली. पोरांनी बाभळीखालून टाळ्या वाजवल्या. त्या सगळ्या वेळात गाडी चालवणाऱ्या पोराला कुणी एका शब्दाने बोललं नाही, या ग्रुपबरोबर मी जातो ते याचसाठी.

तेवढ्यात ज्यांची गाळपेर होती ते दादा आले. चेहरा रागावलेलाच. गेल्या रविवारी कुणीतरी त्यांच्या काकडीतून गाड्या फिरवून व्हिडिओ काढून गेलं होतं. म्हणाले, "हे खड्डे असेच ठेवणार का? सकाळी म्हशी पाण्याला येतात, एखादीचा पाय मोडेल." त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. अण्णांनी सगळ्यांना परत खोरी घ्यायला लावली, टॉर्चच्या उजेडात आम्ही खड्डे बुजवले, चर बुजवली, वर मुरूम टाकून पायाने दाबला. दादा शेवटचा खड्डा भरेपर्यंत तिथेच उभे होते, स्वतः चालून बघितलं आणि मगच गेले.

रात्री जेवून सगळे आडवे झाले. पवना धरणाच्या काठी हल्ली शनिवारी स्पीकरमुळे झोप लागत नाही, इथे तो त्रास नव्हता, वारा मात्र तंबू उपटेल असा.

रविवारी पांगारीजवळचं कांबरेश्वराचं मंदिर बघितलं. एरवी धरणाच्या पाण्यात असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. गाड्या वर रस्त्यालाच ठेवून ऊन डोक्यावर घेत चालत गेलो. मंदिराच्या जवळपर्यंत टायरचे ताजे व्रण होते, चांगलं दहा मिनिटं चालवत नाही का लोकांना?

परतीला खेड शिवापूरच्या टोलला नेहमीची रांग. थारवाल्या पोराने घरी पोचायच्या आत मागचा रिकव्हरी पॉइंट आणि सॉफ्ट शॅकल (लोखंडाऐवजी दोराची कडी) ऑर्डर करून टाकले, आणि पावसाळ्यानंतरच्या ट्रिपच्या यादीत काकूंचं नाव अण्णांनी स्वतः पहिलं लिहिलंय.