कोटावरचं फूल

मागच्या डिसेंबरात मडगावला मित्राचं चर्चमधलं लग्न होतं, त्याच्या कोटाला फूल लावायचं काम माझ्याकडे आलं आणि तेव्हा कळलं की यात किती बारकावे आहेत. फूल नेहमी डाव्या कॉलरवर, हृदयाच्या बाजूला. तिथे एक काज असतं ना, ते नुसतं शोभेचं नाही, फूल त्यातच लावायचं, चांगल्या शिवलेल्या कोटात कॉलरच्या मागे दोऱ्याचा बारीक लूपपण असतो, देठ काजातून घालून त्यात अडकवला की फूल हलत नाही. पण रेडिमेड कोटात काज बऱ्याचदा बंदच असतं, नुसती शिलाई, मग मागच्या बाजूने पिन लावायची म्हणजे समोरून दिसत नाही.

फूल कार्नेशनचं घ्या, पाणी नसलं तरी तासन्‌तास टिकतं, मोगरा लवकर पिवळा पडतो. आणि एकच फूल हं, प्लास्टिकचं तर नकोच!

आपल्याकडे अचकनवर लाल गुलाब म्हटलं की नेहरूच आठवतात, पण साध्या सुटावरही ते ताजं फूल इतकं सुंदर दिसतं, मला मनापासून वाटतं की आपल्या रिसेप्शनमध्येही मुलांनी लावावं.