पाचपट कमी

२०२० च्या मार्चमध्ये हॉस्टेल रिकामं करायला लावलं आणि मी अर्धवट पीएचडी, जुना लॅपटॉप आणि फोरट्रान भाषेतला प्रोग्राम घेऊन आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो.

काम ऐकायला सोपं. दोन प्रोटॉन एकमेकांवर आदळतात, दोन्ही शाबूत राहतात आणि वर एक उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला, पायॉन नावाचा कण जन्मतो. हे किती प्रमाणात घडेल, म्हणजे क्रॉस सेक्शन किती, ते उंबरठ्याला, म्हणजे पायॉन जन्मायला लागणाऱ्या किमान ऊर्जेला, लागून असलेल्या ऊर्जेवर काढायचं. पायॉनचं वस्तुमान १३५ एमईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान दोन्ही याच एककात मोजतात), पण येणाऱ्या प्रोटॉनकडे २८० तरी लागतात. बाबांनी वहीत डोकावून विचारलंच, "१३५ चा माल, मंग २८० काहून लागते?" म्हटलं, एक प्रोटॉन जागेवर उभा, दुसरा येऊन धडकतो, धडकेनंतर सगळं लटांबर पुढं सरकतं, त्यातच निम्मी ऊर्जा जाते. "म्हंजे अर्धं डिझेल वावरात जायालेच," बाबा म्हणाले. यापेक्षा चांगलं मला सेमिनारमध्ये सांगता आलं नव्हतं.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर. लॅपटॉप दुपारी तापून बंद पडायचा, रात्री लाइन जायची. दोनदा सहा-सहा तासांचं गणित वाया गेल्यावर शहाणपण आलं: प्रत्येक ऊर्जेचं उत्तर निघताच फाइलमध्ये लिहून टाकायचं, पुढच्या वेळी तिथून सुरुवात. शाळेतला पोरगा हे पहिल्या दिवशी करेल.

उंबरठ्याजवळ बाहेर पडणारे दोन प्रोटॉन फार संथ असतात. बाजार उठल्यावरही पारावर रेंगाळणाऱ्या दोघांसारखे ते एकमेकांना सोडत नाहीत, आणि त्या ओढीमुळे क्रॉस सेक्शन चांगलंच वाढतं. गणितात प्रोटॉन लाट म्हणून मांडतात, पण ही ओढ न धरणाऱ्या साध्या समतल लाटा घेऊन भागत नाही. प्रोटॉन-प्रोटॉन बलातून काढलेल्या लाटा वापराव्या लागतात. तेही केलं. तरी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या कूलर रिंग या प्रोटॉन फिरवणाऱ्या यंत्रावर १९९० च्या सुमारास मोजलेल्या आकड्यांपेक्षा माझं उत्तर दहापट कमी.

तीन आठवडे चूक शोधली. एकक तपासलं: फर्मी हे अणुकेंद्राच्या मापाचं अंतर, मिलीबार्न हे क्रॉस सेक्शनचं एकक, एक चौरस फर्मी म्हणजे दहा मिलीबार्न, ते बरोबर होतं. शेवटी सापडलं: दोन प्रोटॉन सारखेच म्हणून द्यायचा अर्धा मी दोनदा दिला होता, एकदा सूत्रात आणि एकदा कोनांची बेरीज निम्म्यावर थांबवून. सुधारल्यावर उत्तर दुप्पट झालं. तरी पाचपट कमीच. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते, तिथं चढून गाईडना फोन लावला. जवळजवळ रडवेला होतो. ते म्हणाले, "पाचपटच ना? मग तुझा प्रोग्राम बरोबर आहे. जुने पेपर वाच."

खरंच, त्या मोजमापांनंतर सगळे सिद्धांतवाले तिथंच अडकले होते. पायॉन एका प्रोटॉनमधून निघून दुसऱ्यावर आपटून बाहेर पडतो, ही एरवीची मोठी वाट उदासीन पायॉनसाठी जवळजवळ बंद असते. एकट्या प्रोटॉननं पायॉन सोडायचा, तर साडेतीनशे एमईव्हीहून जास्त संवेगाचा हिशेब जुळवावा लागतो, म्हणजे अर्ध्या फर्मीपर्यंत आत शिरावं लागतं. पायॉनच्या बलाचा पल्ला १.४ फर्मी. इतक्या आत राज्य जड मेसॉनांचं, म्हणजे पायॉनच्याच जातीच्या पण जड कणांचं. १९९३ मध्ये ली आणि रिस्का यांनी सिग्मा, ओमेगा या जड मेसॉनांची प्रोटॉनांमधली देवाणघेवाण धरली आणि बरीचशी तूट भरून निघाली. मीही ती पदं घातली. वक्र उचलला गेला.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. १९९५ मध्ये हर्नांडेझ आणि ओसेट यांनी दाखवलं की बंद समजलेली ती आपटण्याची वाटच, मधला पायॉन मुक्त पायॉनसारखा वागत नाही हे धरलं, तर तूट भरू शकते. दोन्ही घातलं की उत्तर मोजमापाच्याही वर जातं. मग माणूस काय करतो? प्रोटॉन ठिपका नसून पसरट आहे हे धरणाऱ्या फॉर्म फॅक्टरमधला कट-ऑफ, म्हणजे आपणच ठरवायचा एक आकडा, जरासा पिळतो. मीही पिळला. प्रबंधात त्याला 'प्राचलाची निवड' म्हणतात.

पोळ्याच्या दिवशी पहिला आलेख नीट आला. बाबा बैलांच्या शिंगांना रंग देत होते. मान वर न करताच म्हणाले, "सापडली का तुयी पाचपट?"

"सापडली बाबा. पन दोन ठिकानी."