आईच्या फोनवर बाबांचा लेहरा

आईला दोन-तीनदा फोन लावावा आणि नंतर तिचं ठरलेलं उत्तर यावं, "वाजलाच नाही रे." आवाज पूर्ण वाढवलेला असायचा, फोन शेजारच्याच खोलीत असायचा. मग एकदा तिच्याजवळ बसून मी स्वतःच तिला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. वय वाढतं तसे आधी बारीक, टिपेचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात आणि तिची रिंगटोन नेमकी तशी होती, काचेवर चमचा वाजवल्यासारखी. खर्जातलं काही लावावं, तर फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून ते धड बाहेरच पडत नाही. तिला हवा होता मधल्या सप्तकातला भरदार सूर.

तो माझ्या कॉम्प्युटरवर आधीपासूनच होता. माझ्या रियाजासाठी बाबांनी पेटीवर वाजवून दिलेला तीनतालाचा लेहरा.

लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनाएवढी (एका फेरीएवढी) सुरांची एकच ओळ, तीनतालात सोळा मात्रांची, पुन्हा पुन्हा. रिंगटोनलाही तेच करायचं असतं! बाबांची लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे एक आवर्तन बरोबर ८ सेकंदांचं. तीन आवर्तनं घेतली, २४ सेकंद झाले.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या कॉपीवर काम केलं. (गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी यात उघडत नाहीत, ती कुलूपबंद असतात. आपली स्वतःची फाइल लागते.) पहिल्या प्रयत्नात मी अंदाजाने कापलं आणि दर फेरीला 'टक्' असा आवाज यायला लागला. आवाजाची लाट मधेच तुटली की असं होतं. मग स्क्रीनवरचं त्या लाटेचं चित्र इतकं मोठं केलं की समेवरचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरचा, सूर जिथे उठतो ती जागा डोळ्यांना दिसली. एका समेपासून चौथ्या समेच्या अगदी आधीपर्यंतचा तुकडा निवडला आणि 'झेड' दाबलं. त्याने निवडीची दोन्ही टोकं लाट शून्यावर येते तिथे सरकतात. तुकडा लूपवर लावून ऐकला. टक् गेलं होतं. डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत बसलो, सांधा कुठे आहे ते मलाही सापडेना.

शेवटी आवाज हळूहळू विरत नेण्याचा मोह होतो, तो इथे टाळायचाच. विरला की आवर्तन तुटतं. सुरुवातही थेट समेवर, पूर्ण आवाजात. हाय-पास फिल्टरने ३०० हर्ट्झच्या खालचा घुमारा कमी केला, त्यामुळे तो छोटा स्पीकर फाटेनासा झाला. मग सगळ्यात उंच लाट उणे १ डेसिबलवर, म्हणजे कमाल मर्यादेच्या जरा खाली, आणून ठेवली.

एमपीथ्री केलं तर टोकांना किंचित शांतता चिकटते आणि लय लंगडते. म्हणून ओजीजी या दुसऱ्या प्रकारची फाइल केली. आईच्या अँड्रॉइड फोनमधल्या रिंगटोन्स नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली आणि तिच्या संपर्कयादीत फक्त माझ्या नावाला ती लावली. ताईकडे आयफोन आहे. तिच्यासाठी तोच तुकडा गॅरेजबँडमधून रिंगटोन म्हणून पाठवावा लागला. तिथे ३० सेकंदांची मर्यादा आहे, आपले २४ आरामात बसले.

त्या संध्याकाळी घराबाहेर जाऊन आईला फोन लावला. उचलल्या उचलल्या म्हणाली, "अरे, मला वाटलं हेच पेटी घेऊन बसलेत!" मागून बाबांचा आवाज आला, "दुसऱ्या आवर्तनात लय जरा वाढलीय माझी. पुन्हा वाजवून देतो, ते लाव."

नवा तुकडा परवा लावला. आता आई फोन लगेच उचलत नाही. सम येईपर्यंत थांबते, मग "हॅलो" म्हणते.