आरब्रोथ ते फ्रेझरबर्ग : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरची दीपगृहे

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आरब्रोथच्या बंदरातून हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर एक बारीक उभी रेघ दिसते. किनाऱ्यापासून सुमारे ११ मैल आत असलेले बेल रॉकचे दीपगृह ते हेच. ज्या खडकावर ते उभे आहे तो भरतीला पूर्णपणे पाण्याखाली जातो आणि ओहोटीला काही तासच उघडा पडतो. १८०७ साली काम सुरू झाले तेव्हा कारागिरांच्या हाती तेवढाच वेळ असे. शेजारच्या दगडात घट्ट अडकून बसेल असा प्रत्येक दगड आरब्रोथमध्ये घडवून घेतला जाई आणि मगच जहाजाने खडकावर नेला जाई. १ फेब्रुवारी १८११ रोजी दिवा प्रथम उजळला. या बांधकामाचे श्रेय रॉबर्ट स्टीव्हन्सनचे की मुख्य अभियंता जॉन रेनीचे, हा वाद जुना आहे. हंगामामागून हंगाम त्या खडकावर राबलेल्या स्टीव्हन्सनकडे माझा कौल झुकतो.

बंदराजवळ १८१३ साली बांधलेला सिग्नल टॉवर आता संग्रहालय झाला आहे. दीपगृहातील रखवालदारांची कुटुंबे येथे राहत आणि दोन्ही मनोऱ्यांवरून खुणांनी निरोपांची देवाणघेवाण चाले. रखवालदाराला अपत्य झाले, की मुलगा असल्यास विजार आणि मुलगी असल्यास घागरा काठीवर चढवून त्याला ही बातमी कळवीत, असे सांगतात. दुर्बिणीतून त्या काठीकडे डोळे लावून बसलेल्या बापाचा विचार मनात आला आणि मी त्या दालनात बराच वेळ रेंगाळलो.

या किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटू लागली. अंधारात दिवा दिसला म्हणजे जमीन जवळ आली एवढेच कळते. पण ती जमीन कोणती, हे न कळल्यास तोच दिवा जहाजाचा घात करू शकतो. म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःची ओळख लागते. बेल रॉकवर आरंभी लाल आणि पांढरा प्रकाश आळीपाळीने दिसेल अशी योजना होती. ॲबरडीनच्या बंदराशी १८३३ साली उभारलेल्या गर्डल नेसच्या मनोऱ्यावर स्टीव्हन्सनने एकाखाली एक असे दोन दिवे लावले होते. त्यांतला खालचा पुढे काढून टाकण्यात आला, आणि आज हे दीपगृह दर २० सेकंदांत दोनदा चमकते. बॉडम गावाजवळील बुकन नेस दर ५ सेकंदांनी एकदा चमकते. शिवाय दिवसाही ओळखू यावे म्हणून १९०७ साली त्याच्या पांढऱ्या मनोऱ्यावर लाल पट्टे रंगवले गेले.

रॅट्रे हेडला पोहोचणे जरा कष्टाचे आहे. खडबडीत वाट, मग वाळूच्या टेकड्या, आणि त्या ओलांडल्यावर एकदम समोर, किनाऱ्यावर नव्हे तर पाण्यातच उभे असलेले १८९५ सालचे दीपगृह. त्याचा खालचा भाग ग्रॅनाइटचा, रुंद आणि भक्कम असून धुक्यात वाजवायचा भोंगा व त्याची यंत्रे पूर्वी तेथेच होती. त्यावर पांढरा निमुळता मनोरा चढवलेला आहे. दिवेलागणीनंतर मी वाळूत बसून घड्याळ पाहिले : लागोपाठ तीन चमका, मग लांबलचक काळोख, आणि ३० सेकंद भरताच पुन्हा तीन. नकाशा आणि घड्याळ जवळ असलेल्या खलाशाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही.

शेवटचा मुक्काम फ्रेझरबर्ग. येथील किनेर्ड हेडला सोळाव्या शतकातील गढीच्या माथ्यावर १७८७ साली दिवा बसवण्यात आला. त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या उत्तरेकडील दीपगृहांच्या मंडळाचा हा पहिला दिवा. तो उभारणारा थॉमस स्मिथ हा रॉबर्ट स्टीव्हन्सनचा सावत्र वडील आणि पुढे सासराही झाला. देवमाशाच्या तेलावर जळणाऱ्या दिव्यांमागे परावर्तक लावून तेव्हा प्रकाश समुद्रावर दूरवर फेकला जाई. आता शेजारी १९९१ सालचा स्वयंचलित दिवा दर १५ सेकंदांनी चमकतो आणि जुन्या दीपगृहाची देखभाल संग्रहालयाकडे आहे. मार्गदर्शकाबरोबर अरुंद जिन्याने वर गेल्यावर माणसापेक्षाही उंच भिंग हाताच्या अंतरावर दिसते. काचेची एकात एक वर्तुळे पितळी चौकटीत इतक्या नेमकेपणाने बसवलेली आहेत, की ती घडवणाऱ्यांबद्दल मनात केवळ आदर उरतो. हे भिंग फिरवणाऱ्या यंत्राचे वजन खाली उतरत जाई आणि रखवालदाराला रात्रभर ठरावीक वेळाने ते हाताने गुंडाळून पुन्हा वर घ्यावे लागे. त्यात कसूर झाली तर चमकांमधले अंतर बिघडे आणि समुद्रावरील लोकांना तो दिवा ओळखता येईनासा होई. स्कॉटलंडमधील रखवालदारांची ही पाळी ३१ मार्च १९९८ रोजी फेअर बेटावरील दक्षिण दीपगृहात कायमची संपली. या साऱ्या दिव्यांवर आता एडिंबरोच्या जॉर्ज स्ट्रीटवरील कार्यालयातून लक्ष ठेवले जाते.