आजीचं हसू

आज सिद्धेश्वर तलावाकाठी आजीचे फोटो काढले. माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात हसू ओळखून आपोआप फोटो घेण्याची सोय आहे, २००७ च्या सुमारास आलेली. तो आधी चेहरा शोधतो, मग ओठांची ठेवण, दात, डोळे बघतो. आजीला दात नाहीत, त्यात फोटो म्हटलं की पदर तोंडाशी. क्लिक होईचना! शेवटी मंद हसूही टिपेल असं सेटिंग केलं, कॅमेरा कट्ट्यावर ठेवला आणि विचारलं, "आजी, चादरीच्या मागावर बसल्यावर आजोबा काय गुणगुणायचे गं?" पदर सुटला. ती सांगत गेली, कॅमेरा टिपत गेला. अकरा फोटो! आजोबा गेल्यापासून तिला इतकं खुललेलं मी पाहिलंच नव्हतं. एक तिनेच निवडलाय, हसून डोळे बारीक झालेला. उद्याच मोठा करून आणते.