डिस्कवर्ल्डचा वाचन-नकाशा: ‘नाइट वॉच’पासून उलटे काढलेले बाण

टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी कल्पनारम्य कादंबरीमालिकेतले कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाआधी वाचावे, हे बाणांनी दाखवणारा नकाशा मी करतो आहे. तो आता फक्त रंगवायचा राहिला आहे, असे मागील नोंदीत लिहिले होते. रंगकाम थांबवले आहे. नकाशा तपासून पाहण्यासाठी जी मंडळी वाचत आहेत, त्यांपैकी एका मैत्रिणीला कोणीतरी ‘सर्वांत उत्तम तेच आधी वाच’ असा सल्ला दिला आणि तिने थेट ‘नाइट वॉच’ हातात घेतले. पुस्तक तिला आवडले नसते, तर एवढी चिंता वाटली नसती. तिने ते पूर्ण वाचले, आणि ‘कालप्रवासाची चांगली गोष्ट आहे’ एवढेच तिचे मत पडले. ज्या रस्त्यावरच्या अडथळ्यांपाशी आपल्यापैकी बहुतेकांना पुस्तक मिटून काही वेळ बसून राहावे लागले, तो भाग तिच्या दृष्टीने एक चांगली रंगलेली चकमक होती.

कथानक समजणे आणि त्याचे वजन जाणवणे यांतील फरक नकाशात कसा दाखवायचा, हा प्रश्न त्यामुळे समोर आला, आणि त्यानंतरचे सगळे काम त्यानेच व्यापले आहे. आतापर्यंत मी बाण एकाच कसोटीवर काढत होतो: आधीचे पुस्तक न वाचता पुढचे कळते का? या कसोटीवर ‘नाइट वॉच’ जवळपास स्वतंत्र ठरते, कारण शहराच्या पहारेकरी दलाचा प्रमुख सॅम व्हाइम्स कोण, तो तीस वर्षे मागे कसा जाऊन पडतो आणि तिथे त्याला कोणाचे नाव घेऊन वावरावे लागते, हे सगळे प्रॅचेट त्याच पुस्तकात नीट सांगतात. परंतु तिथे भेटणारा तरुण व्हेटिनारी (पुढे शहराचा शासक), रस्त्यावर वाढणारे पोर असलेला नॉबी (पुढे पहारेकरी) आणि नुकताच पोलिसात भरती झालेला कोवळा व्हाइम्स ही माणसे पुढे काय होणार आहेत, हे वाचकाला आधीच ठाऊक असावे, यावरच त्या कादंबरीची सारी ताकद उभी आहे.

म्हणून कसोटी बदलली. आधीचे पुस्तक न वाचल्यास पुढच्या पुस्तकाचा मुख्य परिणाम हरवत असेल तर बाण अखंड. केवळ ओळखीचा आनंद कमी होत असेल तर तुटक. हे बोलायला सोपे आहे. डिस्कवर्ल्डमधल्या पहारेकऱ्यांच्या उपमालिकेत ‘नाइट वॉच’च्या आधी ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (1989), ‘मेन ॲट आर्म्स’ (1993), ‘फीट ऑफ क्ले’ (1996), ‘जिंगो’ (1997) आणि ‘द फिफ्थ एलिफंट’ (1999) अशी पाच पुस्तके येतात. पाचही बाण अखंड काढले, तर नव्या वाचकाला आपण भिंतीसमोर उभे करतो. पाचही तुटक काढले, तर मैत्रिणीचा अनुभव पुन्हा घडतो.

पहिल्या पुस्तकाविषयी शंका नाही. गटारात दारूच्या नशेत पडलेला व्हाइम्स ज्याने पाहिलेला नाही, त्याला ‘नाइट वॉच’च्या आरंभीचा ड्यूक व्हाइम्स किती अंतर चालून आला आहे, हे उमगणार नाही. ‘मेन ॲट आर्म्स’ही अखंडच, कारण त्याचे लग्न, त्याची बढती आणि पहारेकऱ्यांचे बदललेले दल या तिन्ही गोष्टी तिथल्या आहेत. ‘द फिफ्थ एलिफंट’ मात्र तुटक केले. व्हाइम्सची पत्नी सिबिल हिच्या गरोदरपणाची बातमी त्या पुस्तकाच्या अखेरीस येते, पण ‘नाइट वॉच’ ती पुन्हा आपल्या हातात ठेवते. ‘फीट ऑफ क्ले’वर मी सर्वाधिक रेंगाळलो. राजाचा शिरच्छेद करणाऱ्या पूर्वजाची सावली व्हाइम्सवर तिथे पडते आणि सत्तेविषयीचा त्याचा राग तिथून स्पष्ट होतो, तरीही ‘नाइट वॉच’मधील राग तीस वर्षांपूर्वीच्या शहराकडे पाहूनच पेटतो. अखेर तेही तुटक ठेवले आहे. मतभेद असल्यास जरूर लिहावे.

खरी कोंडी रेज शू या पात्राने केली आणि त्यानेच सोडवली. ‘नाइट वॉच’मध्ये तो जिवंत, उत्साही आणि घोषणा देणारा तरुण आहे, आपण त्याला झोंबी म्हणून ओळखतो, आणि त्या ओळखीशिवाय त्याची प्रत्येक घोषणा निम्मीच ऐकू येते. पण तो प्रथम भेटतो ‘रीपर मॅन’मध्ये (1991), म्हणजे मृत्यू हेच मुख्य पात्र असलेल्या मालिकेत. तिथून अखंड बाण काढला की त्यामागोमाग ‘मॉर्ट’ (1987) येते, आणि एका पात्रापायी दोन मालिका एकमेकींत अडकतात. बराच काळ ती गाठ सुटत नव्हती. ‘जिंगो’ पुन्हा चाळताना उत्तर सापडले: रेज शू पोलिसात भरती होतो तो तिथेच. व्हाइम्सला ड्यूक ही पदवी मिळते तीही तिथेच. त्यामुळे ‘जिंगो’पासूनचा बाण अखंड झाला, ‘रीपर मॅन’पासूनचा तुटक झाला, आणि दोन्ही मालिका मोकळ्या झाल्या. तीन अखंड बाण, त्यांच्या टोकाला ‘नाइट वॉच’: एवढा स्वच्छ कोपरा या नकाशात आधी कधीच नव्हता, आणि तो पाहून झालेला आनंद इथेच समजून घेणारे लोक भेटतील, म्हणून सविस्तर लिहिले.

साधनांविषयी थोडे. ज्या आकृती काढण्याच्या ॲपवर सुरुवात केली होती, ते एक बाण हलवला की उरलेली सगळी मांडणी विस्कटत असे, म्हणून ते सोडले. आता सगळे बाण एका साध्या तक्त्यात आहेत आणि आकृती ग्राफव्हिझ हा आपोआप मांडणी करणारा प्रोग्राम काढतो. एकाच वर्षाची पुस्तके एका ओळीत बसवण्याची त्यातील सोय या कामासाठीच केल्यासारखी वाटते. 1983 वर आणि 2015 खाली ठेवल्यावर ‘इक्वल राइट्स’ (1987) पासून ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ (2010) पर्यंत जाणारा, जादूगार होणाऱ्या एस्क या मुलीचा तुटक बाण जवळपास पूर्ण पानभर उतरतो. तेवीस वर्षांनी परतलेले पात्र एका रेषेत दिसणे ही माझ्या मते या नकाशातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

आवृत्त्यांबाबत एक सूचना. ई-पुस्तकांत तळटीपा बहुधा शेवटी ढकललेल्या असतात, आणि प्रॅचेट यांची तळटीप त्याच क्षणी वाचली नाही तर तिची गंमत जाते; म्हणून नव्या वाचकाला छापील प्रत द्यावी. ऐकणाऱ्यांनी अलीकडची नवी ध्वनिमुद्रणे घ्यावीत, त्यांत तळटीपा बिल नाय यांच्या वेगळ्या आवाजात येतात. ‘नाइट वॉच’ शक्यतो पॉल किडबी यांच्या मुखपृष्ठासह मिळवावे. ते रेम्ब्राँच्या चित्रावरून बेतलेले आहे आणि त्यात त्यांनी आधीचे चित्रकार जॉश कर्बी यांना आदराने स्थान दिले आहे.

हे लिहितानाच एक विचार आला आणि त्याने योजना बदलली आहे. एक्केचाळीस कादंबऱ्यांसाठी ‘इथून सुरुवात करा’ असे एकच ठळक वर्तुळ काढायचे होते, आणि ‘द कलर ऑफ मॅजिक’ (1983), ‘मॉर्ट’ व ‘गार्ड्स! गार्ड्स!’ यांत निवड होत नव्हती. परंतु ‘नाइट वॉच’चा कोपरा सुटला तो शेवटाकडून मागे आल्यामुळे. मग वाचकाला आधी मुक्काम विचारावा आणि त्यावरून पहिले पुस्तक ठरवावे. मुक्काम ‘द शेफर्ड्स क्राउन’ असेल, तर आरंभ ‘द वी फ्री मेन’ नव्हे, ‘विर्ड सिस्टर्स’ असायला हवा, कारण त्या अखेरच्या कादंबरीच्या सुरुवातीला जे घडते, ते ग्रॅनी वेदरवॅक्स या वृद्ध चेटकिणीला दीर्घकाळ ओळखणाऱ्यालाच पेलावे लागते. मुक्काम ‘थीफ ऑफ टाइम’ असेल, तर मृत्यूची नात सुसान हिच्या आईवडिलांमुळे (त्यांची गोष्ट ‘मॉर्ट’मध्ये आहे) ‘मॉर्ट’ ते ‘सोल म्युझिक’ हा बाण अखंडच राहील.

आणि ज्याला मुक्कामच ठाऊक नाही, त्याच्यासाठी? या जागी ‘द ट्रुथ’ (2000) ठेवून पाहावेसे वाटते. वृत्तपत्र काढणारा विल्यम डी वर्ड नवा, वृत्तपत्र नवे, आणि व्हाइम्स व व्हेटिनारी दोघेही बाहेरून दिसतात, त्यामुळे त्यांच्याविषयीचे कुतूहल जागे होते, पण त्यांच्या आयुष्यातले महत्त्वाचे वळण आधी उघड होत नाही. ‘द ट्रुथ’मधून ‘गार्ड्स! गार्ड्स!’कडे मागे जाणारा बाण काढल्यास वर्षांची ओळ मोडते, हे खरे आहे. ग्राफव्हिझमध्ये तो बाण मांडणीत न मोजण्याची सोय आहे, ती वापरून पाहणार आहे. तोवर कोणी ‘द ट्रुथ’पासून सुरुवात केली असल्यास, पुढे ‘नाइट वॉच’पर्यंत कोणत्या वाटेने गेलात आणि वाटेत काय गळाले, ते कळवावे. पुढील आवृत्तीत ‘गोइंग पोस्टल’चे बाण त्या उत्तरांवरूनच ठरवायचे आहेत.